पाळी गेल्यानंतरची झोप आणि सुगंधी तेल : उपयोग किती, भरवसा किती?



गेल्या हंगामाच्या अखेरीस एका गटात खोडवा व्यवस्थापनाची बैठक होती. पाचट जाळू नका, बुडखे जमिनीलगत छाटा, नांग्या वेळेवर भरा, हे नेहमीचे सांगून झाले. चहा येईपर्यंत कोणाला काही शंका असतील तर विचारा म्हटले. तेव्हा मागे बसलेल्या एका सभासद बाईंनी पिशवीतून एक लहानशी शिशी काढली.

"सायेब, उसाचं समजलं. आता हे सांगा, ह्या तेलाच्या वासानं झोप येते काय? पोरीनं अमरावतीहून आणून देलं. पाळी गेल्यापासून मले झोपच नाई. रातभर आढ्याकडे पायत पडते."

पुरुष मंडळी हसली. बायका हसल्या नाहीत. उलट दोघी-तिघींनी "आमचंही तसंच हाये" म्हणून माना हलवल्या. शिशीवर लव्हेंडर असे लिहिले होते. माहिती काढून सांगतो असे मी त्या दिवशी म्हटले होते. तो शब्द या लेखाने पुरा करीत आहे.

ऊस विकास अधिकाऱ्याने हा विषय कशाला घ्यावा, असे कोणी म्हणेल. सुगंधी तेल गवतातून, फुलांतून कसे काढतात हे आम्ही शेतीच्या डिप्लोम्यात शिकलो आहोत, तेवढा माझा अधिकार. वैद्यकीचा नाही. पण ज्या घरची बाई रात्र रात्र जागी असते, त्या घरचे बेणे निवडणे, निंदण, दूधदुभते, हिशेब सगळेच थकलेले असते. आणि ही गोष्ट लाजेपोटी कोणी बोलत नाही. म्हणून जे अभ्यासातून बऱ्यापैकी पक्के झाले आहे, तेवढे साध्या भाषेत येथे देतो.

पाळी जाते म्हणजे काय होते?

सलग १२ महिने पाळी आली नाही म्हणजे ती कायमची गेली असे धरतात. आपल्या देशात हे साधारण ४६-४७ व्या वर्षाच्या आसपास घडते, पाश्चात्त्य देशांत ५१ च्या सुमारास. बीजकोष हळूहळू काम थांबवतात आणि त्यांतून रक्तात जाणारी इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन ही संप्रेरके कमी होतात. हा आजार नव्हे. उसाला तुरा येण्याचा जसा एक काळ असतो, तसा हा शरीराचा काळ आहे. पण शरीराची जुनी घडी मोडून नवी बसेपर्यंत त्रास होतो, आणि त्यातला मोठा त्रास झोपेचा असतो.

मेंदूमध्ये अंगाची उष्णता राखणारे एक केंद्र आहे. इस्ट्रोजेन कमी झाले की ते फार हळवे होते. अंगाचे तापमान जरासे वाढले तरी "उष्णता झाली, बाहेर काढा" असा हुकूम ते देऊन टाकते. मग छाती, मान, तोंड एकदम तापते, घाम फुटतो, छातीत धडधडते. काही मिनिटांत घाम वाळला की उलट थंडी वाजते. हे रात्री घडले की झोप मोडते. गोधडी काढायची, पुन्हा घ्यायची, यातच रात्र जाते. अमेरिकेत हजारो स्त्रियांची वर्षानुवर्षे पाहणी झाली, त्यात या वाफा सरासरी सात वर्षांच्या आसपास टिकतात असे दिसले. तेव्हा "होईल महिन्या-दोन महिन्यांत बरे" असे म्हणून भागत नाही.

झोप मोडण्याची कारणे एवढीच नाहीत. या वयानंतर स्त्रियांमध्ये घोरणे आणि झोपेत श्वास अडखळणे वाढते. लघवीला वारंवार उठावे लागते. अंगात रक्त व लोह कमी असेल तर रात्री पायांत वळवळ सुटते, पाय हलवल्याशिवाय चैन पडत नाही. थायरॉइडचा दोष, साखरेचा आजार, सांधेदुखी हीही कारणे असतात. शिवाय याच वयात मुलीचे लग्न, मुलाची नोकरी, सासू-सासऱ्यांची सेवा, कर्जाचा हप्ता हे सगळे एकदम डोक्यावर असते. पिवळा पडलेला ऊस पाहून आपण लगेच युरिया टाकत नाही. लोहाची कमतरता आहे, की पाणी साचले आहे, की हुमणी लागली आहे, हे बुडाशी उकरून पाहतो. झोपेचेही तसेच आहे. कारण आधी पाहावे, मग उपाय.

वासाचा आणि झोपेचा संबंध

वासाने उपचार करण्याची कल्पना नवी नाही. अत्तर, उटणे, धूप, वाळा हे आपल्याकडे पूर्वीपासून आहेत. पण आज ज्याला अरोमाथेरपी म्हणतात ते नाव रेने मोरिस गातफोसे या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने दिले. त्याचे त्या नावाचे पुस्तक १९३७ साली निघाले. वनस्पतीचा अर्क काढलेले तेल हुंगायचे किंवा गोड्या तेलात मिसळून अंगाला चोळायचे, एवढाच त्याचा अर्थ.

वास मेंदूत कसा पोचतो हे कळले की त्याची ताकद आणि मर्यादा दोन्ही कळतात. नाकाच्या वरच्या भागात वास ओळखणाऱ्या पेशी असतात. माणसात त्यांचे सुमारे ४०० प्रकार काम करतात. हे गणित उलगडल्याबद्दल रिचर्ड ॲक्सेल आणि लिंडा बक या शास्त्रज्ञांना २००४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. डोळ्याने पाहिलेले, कानाने ऐकलेले आधी मेंदूतल्या एका मधल्या ठाण्यावर जाते. वासाची वाट मात्र जवळची आहे. तो भीती, माया, आठवण जिथे राहतात त्या भागांत सरळ पोचतो. म्हणूनच पहिल्या पावसाच्या मातीचा वास आला की लहानपणचे अंगण एका क्षणात समोर उभे राहते.

लव्हेंडरच्या तेलात लिनालूल नावाचा एक घटक असतो. जपानमधल्या कागोशिमा विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी २०१८ साली उंदरांवर प्रयोग केला. लिनालूलचा वास दिलेल्या उंदरांची भीती कमी झाली. ज्या उंदरांना वासच येत नव्हता, त्यांच्यावर परिणाम झाला नाही. म्हणजे काम वासाच्या वाटेनेच झाले. पण तो उंदीर होता आणि मोजली ती भीती. त्यावरून पाळी गेलेल्या बाईला रात्रभर झोप लागेल असे कोणी लिहून देऊ शकत नाही.

प्रयोगांत काय दिसले?

माणसांवरही प्रयोग झाले आहेत. तैवानमध्ये ४५ ते ५५ वयाच्या, झोप न लागणाऱ्या ६७ स्त्रिया घेतल्या. त्यांतल्या निम्म्यांना १२ आठवडे, आठवड्यातून दोनदा, २० मिनिटे लव्हेंडरचा वास दिला. उरलेल्यांना झोपेच्या सवयींची माहिती फक्त दिली. वास घेणाऱ्या स्त्रियांची झोप सुधारली असे त्यांनी सांगितलेल्या उत्तरांवरून दिसले. हृदयाच्या ठोक्यांतला फरक मात्र तात्पुरता होता, तो टिकला नाही. इराण आणि तुर्कस्तानातही पाळी गेलेल्या स्त्रियांवर असे प्रयोग झाले, आणि त्यांतल्या बऱ्याच प्रयोगांत थोडाफार फायदा दिसला.

आता यात खोट कुठे आहे, ते ऊस पिकवणाऱ्याला चटकन कळेल. आपण खताची चाचणी घेतो तेव्हा शेजारी बिनखताचा प्लॉट ठेवतो. जमीन, बेणे, पाणी सारखे आणि फरक फक्त खताचा. औषधाच्या चाचणीतही तसेच करतात. एका गटाला खरी गोळी, दुसऱ्याला तशीच दिसणारी खोटी गोळी, आणि कोणती कोणाला हे रुग्णाला ठाऊक नसते. वासाचे तसे कसे करणार? लव्हेंडर हुंगणाऱ्या बाईला आपण काहीतरी हुंगतो आहोत हे कळतेच. "हे झोपेचे तेल आहे" हा विश्वासही त्याबरोबर कामाला लागतो. शिवाय वीस मिनिटे सगळी कामे टाकून शांत बसणे, हाही एक उपचारच झाला. आपल्याकडच्या किती बायकांना दिवसातून वीस मिनिटे अशी मिळतात? आणि हे प्रयोग थोड्या स्त्रियांवर, थोड्या आठवड्यांचे आहेत. चार सऱ्यांचा उतारा पाहून आपण सगळ्या गटाची शिफारस करीत नाही.

तेव्हा माझे मत असे, की सुगंधी तेल हे झोपेचे औषध नाही, झोपेला लागणारी थोडी मदत आहे. काहींना गुण येतो, काहींना येत नाही. नीट वापरले तर नुकसान कमी, पण त्याच्या भरवशावर मूळ कारण तसेच ठेवले तर नुकसान मोठे.

आपल्या वऱ्हाडातले सुगंधी गवत

लव्हेंडर हे थंड हवेचे झुडूप आहे. केंद्र सरकारच्या सी.एस.आय.आर. या संस्थेच्या अरोमा मिशनमधून जम्मूकडे डोडा जिल्ह्यातल्या भद्रवाहच्या बाजूला त्याची लागवड वाढली. आपल्या काळ्या जमिनीत आणि वैशाखाच्या उन्हात ते यायचे नाही, तेव्हा त्याची रोपे कोणी विकायला आणली तर फसू नका.

पण वऱ्हाडाला सुगंधी तेल परके नाही. आपल्याकडच्या डोंगरउतारांवरचे रोशा गवत जुन्या माणसांना माहीत असेल. या गवताचे तेल वऱ्हाडात, खानदेशात आणि निमाडात भट्ट्या लावून काढीत. ते मुंबई बंदरातून तांबड्या समुद्राच्या वाटेने अरबस्तानात आणि तुर्कस्तानात जाई, आणि तिथे गुलाबाच्या अत्तरात भेसळ करायला वापरीत. त्याला गुलाबासारखा वास येतो, कारण त्यात जिरॅनिऑल हा घटक भरपूर असतो. त्याच्या मोतिया आणि सोफिया अशा दोन जाती, त्यांत मोतियाचा वास सरस. परसातला गवती चहा हा त्याचाच भाऊबंद.

ही तेले काढण्याची रीत एकच. पातेल्यात किंवा भट्टीत गवत घालून वाफ सोडायची, वाफेबरोबर तेल वर येते, ती थंड केली की पाण्यावर तेल तरंगते. शंभर किलो हिरव्या गवतातून अर्ध्या किलोच्या आसपास तेल निघते. यावरून ते किती जहाल असते याचा अंदाज करा. रोशा किंवा गवती चहाच्या वासाने पाळी गेलेल्या बाईची झोप सुधारते असा भक्कम पुरावा नाही, झोपेचे प्रयोग मुख्यतः लव्हेंडरवर झाले आहेत. पण ज्या बाईला रोशाचा किंवा मोगऱ्याचा वास सुखाचा वाटतो, तिने तो का घेऊ नये? मन निवणे हा यातला निम्मा गुण आहे. नको वाटणारा वास जबरीने घेऊन कोणालाच झोप येणार नाही.

वाळ्याची गोष्ट थोडी वेगळी, आणि आपल्या जिल्ह्यांना जास्त कामाची. अकोला-अमरावतीकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, आणि भिंती अर्ध्या रात्रीपर्यंत वाफ सोडतात. ज्या बाईचे उष्णतेचे केंद्र आधीच हळवे झाले आहे, तिला अशा खोलीत वाफ आल्याशिवाय कशी राहील? दाराला वाळ्याची ताटी लावून तिच्यावर पाणी मारले, किंवा कूलरला वाळा बसवला, की कोरड्या हवेत पाणी उडते आणि खोली थंड होते. वास मिळतो तो वरचा नफा. झोपेला खरा आधार त्या थंडाव्याचा आहे. पावसाळ्यात हवा दमट असते तेव्हा ही युक्ती चालत नाही. तेव्हा पंखा, उघडी खिडकी आणि सुती पातळ पांघरूण हेच कामाचे.

तेल वापरण्याची रीत

१) स्वच्छ रुमालावर किंवा कापसाच्या बोळ्यावर दोन-तीन थेंब टाकावेत आणि तो उशीजवळ ठेवावा. झोपण्याआधी वीस-तीस मिनिटे शांत बसून वास घ्यावा. रुमाल नाकाला दाबून धरू नये.

२) अंगाला लावायचे असेल तर कधीही नुसते लावू नये. चहाचा एक चमचा खोबरेल किंवा तिळाच्या तेलात एकच थेंब मिसळावा. हे प्रमाण साधारण शंभराला एक होते. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस पाहावे. खाज, लाली आली तर ते तेल सोडून द्यावे. नाही आली तर मान, खांदे, पोटऱ्या यांना हलक्या हाताने चोळावे. लेकीने, सुनेने किंवा नवऱ्याने चोळून दिले तर गुण वाढतो, कमी होत नाही.

३) रोज तीच वेळ, तोच वास. जू दिसले की सवयीचा बैल आपणहून मान पुढे करतो. तसा हा वास आला म्हणजे आता झोपायचे, अशी मेंदूला सवय लागते. दिवसा देवघरात, कपाटात तोच वास वापरू नये, म्हणजे ती खूण पक्की राहते.

४) तीन-चार आठवडे करून पाहावे. रोज सकाळी कॅलेंडरवर किती वेळा जाग आली याचा आकडा टाकावा. आकडा कमी झाला नाही तर त्यावर आणखी पैसे घालू नयेत.

५) घेताना शिशीवर वनस्पतीचे नाव, भरल्याची तारीख आणि कंपनीचा पत्ता पाहावा. काचेची गडद रंगाची शिशी चांगली. कागदावर एक थेंब टाकून ठेवावा. तेलकट डाग कायम राहिला तर त्यात साधे तेल मिसळले आहे असे समजावे. मात्र रसायनापासून केलेला नकली वास या परीक्षेत सापडत नाही. उन्हात राहिलेले, जुने झालेले तेल अंगाला जास्त चावते.

काय करू नये?

हे तेल पोटात घेऊ नये. चहात, दुधात थेंब टाकून पिण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नये. शिशी लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये. निलगिरीचे तेल आणि कापूर मुलांच्या पोटात गेले तर त्यांना झटके येतात, हे पक्के लक्षात ठेवावे. घरात कोणाला दमा असेल तर उग्र वासाने धाप लागू शकते. बंद खोलीत रात्रभर धूप, उदबत्ती जाळून ठेवणे हा सुगंधाचा उपचार नव्हे. तो धूर आहे, आणि चुलीच्या धुराने आधीच थकलेल्या छातीला तो आणखी जड जातो. तेल डोळ्यात गेले तर भरपूर स्वच्छ पाण्याने धुवावे.

झोपेची पाळी बांधून घ्या

ज्या उपायाला आज जगभरचे डॉक्टर पहिला मान देतात, त्यात तेलही नाही आणि गोळीही नाही. अमेरिकेतील डॉक्टरांच्या एका मोठ्या संस्थेने २०१६ साली जुनाट निद्रानाशासाठी पहिला उपाय म्हणून त्याचीच शिफारस केली. त्याला कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपी म्हणतात. नाव मोठे असले तरी त्यातला बराचसा भाग म्हणजे झोपेला शिस्त लावणे.

उसाला पाण्याच्या पाळ्या असतात. रोज थोडे थोडे शिंपडून मुळे खोल जात नाहीत. झोपेचेही तसेच. रात्री झोप नाही म्हणून दुपारी दोन तास, संध्याकाळी अर्धा तास असे तुकडे करू नयेत. फार थकवा असला तर दुपारी अर्ध्या तासावर थांबावे. सकाळी उठण्याची वेळ रोज एकच ठेवावी, रात्र कशीही गेली असली तरी. खरी झोप येईल तेव्हाच अंथरुणावर जावे. वीस मिनिटे झोप लागली नाही तर तिथे तळमळत पडू नये. उठून दुसरीकडे बसावे, जप करावा, वाती वळाव्यात, डोळे जड झाले की परत यावे. अंथरुण हे काळजीचे हिशेब करण्याची जागा होता कामा नये. दुपारी चारनंतर चहा, आणि रात्री तंबाखू, मशेरी टाळावी, कारण दोन्ही झोप उडवतात. रात्रीचे जेवण लवकर आणि हलके असावे.

या शिस्तीला वासाची जोड दिली तर तो शोभतो. शिस्त नसेल तर नुसती शिशी काय करील?

डॉक्टरकडे केव्हा जावे?

पुढची लक्षणे असतील तर तेलावर दिवस काढू नयेत.

पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा रक्त दिसले, अगदी डागभर का असेना, तर लगेच दाखवावे. ते कर्करोगाचे लक्षण असू शकते. जोराने घोरणे, झोपेत श्वास थांबून दचकून उठणे, दिवसा बसल्या बसल्या पेंग येणे. पायांत वळवळ, धाप, चेहरा पांढुरका पडणे. वजन एकदम वाढणे किंवा उतरणे. कशातच मन न लागणे, रडू येणे, जीव नकोसा वाटणे. आणि आठवड्यात तीन-चार रात्री जागरण असे तीन महिने चालू राहणे.

अमरावतीचे डफरीन आणि अकोल्याचे लेडी हार्डिंग ही जिल्हा स्त्री रुग्णालये आपल्याला जवळ आहेत. त्याआधी गावच्या आशाताईंना सांगून प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त आणि साखर तपासता येते. वाफांचा त्रास फारच असेल तर त्यावर संप्रेरकांची आणि इतरही औषधे आहेत. ती कोणाला चालतात, कोणाला नाहीत, हे डॉक्टरच तपासून ठरवतील. मेडिकल दुकानातून परस्पर झोपेच्या गोळ्या आणू नयेत. पाळी गेल्यावर हाडे ठिसूळ होत जातात. गोळीच्या गुंगीत रात्री उठताना तोल गेला आणि खुब्याचे हाड मोडले, तर झोपेचे दुखणे परवडले असे म्हणायची वेळ येते.

आणखी एक गोष्ट ऊस धंद्यातल्या माणसाने सांगितलीच पाहिजे. "पिशवी काढून टाका म्हणजे सगळा त्रास जाईल" असे ऐकून कितीतरी बायका शस्त्रक्रिया करून घेतात. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड स्त्रियांचा प्रश्न २०१९ साली गाजला, तो हाच. शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२ हजारांहून अधिक स्त्रियांची पाहणी झाली आणि त्यांतल्या १३ हजारांहून अधिक स्त्रियांची गर्भाशये काढलेली आढळली. त्यांत तरुण बायकाही होत्या. गर्भाशयाबरोबर बीजकोषही काढले तर जे सावकाश, वर्षांच्या हप्त्यांनी व्हायचे ते एका दिवसात होते. वाफा, जागरण, हाडांची झीज सगळे एकदम, आणि तेही ऐन कष्टाच्या वयात. काही आजारांत ही शस्त्रक्रिया लागते, यात शंका नाही. पण झोप लागत नाही, अंगातून वाफा येतात, म्हणून ती करायची नसते. कोणी सुचवली तर सरकारी स्त्री रुग्णालयात दुसऱ्या डॉक्टरांचा सल्ला घेतल्याशिवाय होकार देऊ नका. आपल्या शेतात कोयता घेऊन येणाऱ्या टोळीतल्या बायकांनाही हे सांगा. त्या आपल्या सभासद नसतील, पण आपला ऊस त्यांच्याच हाताने गाळपाला जातो.

पुरुष सभासदांना चार शब्द

त्या बैठकीत जे हसले, त्यांच्यासाठी हा भाग. उन्हाळ्यात आपण बाज अंगणात किंवा गच्चीवर टाकतो. घरची बाई मात्र आतल्या खोलीत, चुलीच्या तापलेल्या भिंतीला लागून झोपते, कारण मर्यादा, दागिने, पोरेबाळे. या वयात तिला वाऱ्याची जागा सर्वांत जास्त लागते. गच्चीला आडोसा करून द्या, कूलरचे तोंड तिच्याकडे फिरवा.

ज्यांच्या फीडरवर अजून रात्रीची वीज आहे, त्यांच्या घरात मोटारीसाठी एक-दोन वाजता उठाउठ होते. तुम्ही उठला की तीही उठते, चहा टाकते, तुम्ही परत येईपर्यंत कानोसा घेत पडते. थर्मासमध्ये चहा भरून ठेवला तर तिची दोन तासांची झोप वाचते. फोनचा गजर उशाशी घेऊन दुसऱ्या खोलीत झोपता येते.

आणि पन्नाशीतली बायको चिडचिड करते, मध्यरात्री उठून बसते, म्हणून "हिला काहीतरी लागलं" असे म्हणू नका. बाहेरचे पाहणाऱ्याकडे नेण्याआधी आरोग्य केंद्रात न्या. तिचे शरीर एका वळणावर आहे आणि ती त्याबद्दल बोलायला संकोचते, एवढेच खरे असते. विचारणारे माणूस घरात असले की त्यातले निम्मे ओझे उतरते.

त्या बाईंना माझे उत्तर असे. आई, शिशी फेकू नका. रुमालावर दोन थेंब टाका, वाऱ्याच्या जागी झोपा, उठायची वेळ बांधून घ्या, आणि येत्या बाजारच्या दिवशी रक्त तपासून या. तेलाने थोडा आराम पडला तर चांगलेच. नाही पडला तर दोष तुमचा नाही आणि तेलाचाही नाही. कारण दुसरीकडे आहे, आणि ते सापडते.

पुढच्या गट बैठकांना सभासदांनी घरच्या स्त्रियांना सोबत आणावे, ही नम्र विनंती. उसाइतकेच त्यांचेही प्रश्न ऐकण्याची तयारी ठेवून येऊ.

आपला,
ऊस विकास अधिकारी